त्राब्झोनचा गोलरक्षक

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर तुर्कस्तानातील त्राब्झोन हे जुने बंदर वसलेले आहे. समोर अफाट समुद्र आणि पाठीशी हिरवे डोंगर असे त्याचे स्वरूप आहे. याच नगरात १९५२ साली शेनॉल ग्युनेश यांचा जन्म झाला. तुर्की भाषेत ‘ग्युनेश’ म्हणजे सूर्य.

ग्युनेश यांनी शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले. परंतु त्यांचा ओढा फुटबॉलकडे होता. संघात त्यांनी गोलरक्षकाची जागा पत्करली. ही जागा मोठी कठीण असते. इतरांच्या दहा चुका लोक विसरतात. गोलरक्षकाची एक चूक मात्र फलकावर कायमची लिहिली जाते.

त्या काळी तुर्कस्तानच्या साखळी स्पर्धेवर इस्तंबूलचे वर्चस्व होते. गालातासराय, फेनरबाह्चे आणि बेशिक्ताश या तेथील तीन संघांखेरीज कोणीही विजेते झाले नव्हते. १९६७ साली स्थापन झालेल्या त्राब्झोनस्पोर या संघाने १९७६ मध्ये ही परंपरा मोडली. पुढे १९८४ पर्यंत नऊ हंगामांत त्याने सहा वेळा विजेतेपद मिळविले. या सहाही विजयांच्या वेळी संघाचे गोलरक्षक ग्युनेश होते. एका हंगामात तर हजाराहून अधिक मिनिटे त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही.

१९८७ साली ते खेळातून निवृत्त झाले आणि प्रशिक्षक बनले. तुर्की लोक शिक्षकाला आदराने ‘होजा’ म्हणतात आणि प्रशिक्षकालाही त्याच नावाने हाक मारतात. चातुर्यकथांतील नसरुद्दीन होजा आपल्या परिचयाचा आहेच. शेनॉल ग्युनेश आता ‘शेनॉल होजा’ झाले.

हा मार्ग सुखाचा नव्हता. १९९६ साली त्यांचा त्राब्झोनस्पोर संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. स्वतःच्याच मैदानावर, आघाडी घेऊनही, तो फेनरबाह्चेकडून २-१ असा हरला आणि हाती आलेले यश निसटले. सारे नगर शोकात बुडाले. दुसरा एखादा खचून गेला असता. ग्युनेश मात्र आपल्या कामास लागले.

२००० साली राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली. तुर्कस्तानने विश्वचषकाच्या अंतिम फेरीत यापूर्वी १९५४ साली भाग घेतला होता. अठ्ठेचाळीस वर्षांनी, २००२ मध्ये, ही संधी पुन्हा लाभली. प्रारंभ वाईट झाला. ब्राझीलने २-१ असा पराभव केला. कोस्टा रिकाशी बरोबरी झाली. मायदेशी टीकेचा भडिमार होऊ लागला. ग्युनेश यांनी तो सोसला. नंतर चीनवर ३-० असा विजय मिळवून गोलांच्या फरकाने संघ पुढे गेला. जपान आणि सेनेगल यांनाही त्याने नमविले. उपान्त्य सामन्यात मात्र ब्राझीलने पुन्हा एका गोलाने वाट अडविली.

तिसऱ्या स्थानासाठी यजमान दक्षिण कोरियाशी सामना झाला. हाकान शुकूर याने सुमारे अकरा सेकंदांतच गोल केला. विश्वचषकात याहून जलद गोल त्यापूर्वी कोणीही केला नव्हता. तुर्कस्तान ३-२ असा जिंकला. त्यानंतर जे घडले ते विजयाहूनही सुंदर होते. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी हातात हात गुंफून प्रेक्षकांना एकत्र अभिवादन केले. जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हा भेद त्या रांगेत उरला नाही. पुढे २००७ मध्ये ग्युनेश कोरियातील सेऊल येथील संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले.

२०११ साली पुन्हा तोच दुःखद अनुभव आला. त्राब्झोनस्पोर व फेनरबाह्चे यांचे प्रत्येकी ८२ गुण झाले. पण नियमानुसार विजेतेपद फेनरबाह्चेकडे गेले. अखेर २०१६ आणि २०१७ या लागोपाठच्या वर्षी बेशिक्ताश संघास त्यांनी विजेतेपद मिळवून दिले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. २०२१ च्या युरोपीय स्पर्धेत राष्ट्रीय संघ तिन्ही सामने हरला, हेही येथे सांगितले पाहिजे.

त्राब्झोनमध्ये २०१६ साली नवे क्रीडांगण उभे राहिले. त्या वेळी ग्युनेश प्रतिस्पर्धी बेशिक्ताशचे प्रशिक्षक होते; तरीही त्या क्रीडांगणास त्यांचेच नाव देण्यात आले. चषक कपाटात राहतात. माणसाने दाखविलेले धैर्य लोकांच्या मनात राहते.

स्वाध्याय

१. गोलरक्षकाची जागा कठीण असते, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. कोरियाविरुद्धच्या सामन्यानंतरचा प्रसंग ‘विजयाहूनही सुंदर’ का वाटतो?
३. वाक्यात उपयोग करा : उंबरठ्यावर असणे, धुरा येणे, टीकेचा भडिमार होणे.