कोरी जागा कोरीच राहू दे

चि. सोनूस,

तुझा निरोप मिळाला. कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाची माहिती तुम्ही शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये घेता आणि तीच पुन्हा भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफचा) फॉर्म ११, बँकेचा अर्ज, ओळखपत्राचा अर्ज यांवर हाताने उतरवता. ते काम आता पॉवर ऑटोमेटवर टाकायचं तू मनावर घेतलं आहेस. जरूर टाक. माझी सगळी नोकरी पर्सोनेल खात्यात गेली. दिवसभर फॉर्म उतरवून थकलेल्या माणसाच्या हातून खाते क्रमांकातले दोन आकडे कसे उलटे पडतात, हे मी खूप पाहिलं आहे.

पण तुझ्या आराखड्यातली एक गोष्ट मला बिलकूल पटली नाही, ती आधी सांगतो. फॉर्म ११ वर विचारलेलं असतं, की तुम्ही यापूर्वी १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेचे सभासद होता का, आणि १९९५ च्या पेन्शन योजनेचे होता का. या दोन्ही प्रश्नांसाठी तू ‘होय/नाही’ प्रकारचा कॉलम केला आहेस. तो आजच बदल. त्या कॉलमला तिसरी अवस्थाच नसते. त्याचं एक उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि कारकुनाने विचारायचं राहून गेलं तरी लिस्टमध्ये ते दिसतंच. तिथून ते फॉर्मवर जातं, आणि फॉर्मखाली सही होते कामगाराची. म्हणजे त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नावावर लागतं. आधी दुसऱ्या कारखान्यात सहा वर्षं काढलेल्या माणसाच्या कागदावर ‘नाही’ पडलं, की जुनी सेवा जुन्या खात्यात अडकते. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. इथे सहा आणि तिथे पाच अशी तुटलेली वर्षं जोडून घ्यायला त्याला कुठे कुठे हेलपाटे घालावे लागतील, याचा विचार कर. त्या वयात, सुट्टी टाकून, रोजगार बुडवून.

म्हणून तिथे ‘चॉइस’ प्रकारचा कॉलम घे, त्यात होय, नाही आणि ‘अजून विचारलेलं नाही’ असे तीन पर्याय ठेव, आणि ठरलेलं उत्तर हा तिसरा पर्यायच असू दे. पॉवर ऑटोमेटच्या फ्लोमध्ये अट घाल: तिसरा पर्याय दिसला तर फॉर्म तयारच करायचा नाही, तुला मेल यायचा. लग्न झालंय का, जोडीदाराचं नाव, वारसाचं नाव, सगळीकडे हाच नियम लाव. माहिती नसेल तिथे कोरी जागा कोरीच राहिली पाहिजे.

आता फॉर्मकडे. सगळ्यात आधी सरकारी संकेतस्थळावरून ताजा फॉर्म उतरवून घे. ऑफिसातल्या फोल्डरमधली जुनी प्रत वापरू नकोस, सरकारी नमुने बदलत असतात. तो ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघड आणि एखाद्या रकान्यावर क्लिक कर. कर्सर आला तर आत फील्ड, म्हणजे भरता येणाऱ्या जागा, आहेत. पीडीएफमध्ये अशी फील्ड १९९६ पासून आहेत आणि बहुतेक साधनं तीच भरतात. काहीच झालं नाही तर तो नुसता छापील कागदासारखा आहे, त्यावर फील्ड तुलाच बसवावी लागतील. तिसरा प्रकार एक्सएफए फॉर्मचा. तो ब्राउझरमध्ये उघडला की अनेकदा ‘थांबा’ एवढ्याच अर्थाचं एक पान दिसतं. २०१७ च्या पीडीएफ २.० या प्रमाणात तो कालबाह्य ठरवला आहे, त्याच्या नादी लागू नकोस.

पॉवर ऑटोमेटला स्वतःला पीडीएफची फील्ड भरता येत नाहीत, हे तुला एव्हाना कळलं असेल. कंपनीच्या स्वतःच्या कागदांसाठी, म्हणजे नेमणूकपत्र, ओळखपत्राचा अर्ज वगैरेंसाठी, वर्डचं टेम्प्लेट कर, त्यात कंटेंट कंट्रोल घाल, ते भरून पीडीएफमध्ये रूपांतर कर. त्याला प्रीमियम लायसन्स लागतं, तेवढं साहेबांकडून आधी मंजूर करून घे. सरकारी नमुन्याची मांडणी मात्र बदलायची नाही, म्हणून तिथे मूळ पीडीएफच भरावा लागेल आणि त्यासाठी एन्कोडियन किंवा प्लमसेल यांसारख्या बाहेरच्या कनेक्टरची मदत घ्यावी लागेल. म्हणजे कामगाराचा आधार क्रमांक आणि बँकेचं खातं तुमच्या कंपनीबाहेरच्या सर्व्हरवर जाऊन परत येणार. तो सर्व्हर कुठल्या देशात आहे, फाइल तिथे किती वेळ राहते, हे आयटीवाल्यांना लेखी विचार. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे म्हणून तर विचारायचंच. पण कायदा नसता तरी विचार, असंच मी म्हटलं असतं.

लिस्टचे कॉलम करताना एक अडचण खास आपल्यासारख्यांना येते. कॉलमला सरळ मराठी नाव दिलंस, तर शेअरपॉइंट त्याचं आतलं नाव बनवताना प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी यांच्या जागी सात चिन्हांचा संकेत घालतं, आणि आतल्या नावाला जागा बत्तीस चिन्हांचीच असते. चार अक्षरं-मात्रांत ती भरत आली. ‘खातेक्रमांक’ आणि ‘खातेधारक’ घे. दोन्हींचं ‘खाते’ तेवढं आत मावतं, पुढचं कापलं जातं, आणि दोन्ही नावं सारखी झाल्यामुळे एकाला शेवटी नुसता आकडा चिकटतो. फ्लोमध्ये यातलं कुठलं कोणतं, ते तुला सहा महिन्यांनी सांगता येणार नाही. म्हणून कॉलम आधी इंग्रजी छोट्या नावाने तयार कर आणि मग दिसणारं नाव मराठीत बदल. आतलं नाव पुन्हा बदलत नाही.

खाते क्रमांक, आधार, पिनकोड, मोबाइल हे सगळे मजकूर म्हणून साठव, संख्या म्हणून नाही. एक्सेलमधून आले तर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि पंधरा आकड्यांपेक्षा लांब खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य होऊन बसतात. तारखांचंही तसंच. एक्सेलच्या टेबलातली १५ जून २०२४ ही तारीख फ्लोमध्ये ४५४५८ अशी येऊ शकते. शिवाय फ्लोचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे दोनला चालणाऱ्या फ्लोने ‘आजची तारीख’ टाकली तर ती कालची पडेल. वेळ भारतीय करूनच तारीख छाप.

चौकटींवर खूण करताना सांभाळून. प्रत्येक चौकटीला आत एक ठरावीक मूल्य असतं, फॉर्म बनवणाऱ्याने ठेवलं असेल ते. तेच नेमकं पाठवलं नाही, तर चौकट रिकामी राहते आणि फ्लोवर हिरवी खूण मात्र येते. हिरव्या खुणेवर भरवसा ठेवू नकोस, छापलेला कागद बघ. कागदच बघायचा याला आणखी एक कारण आहे. भरलेली माहिती कधी कधी रीडरमध्ये दिसते आणि फोनवर किंवा छापताना गायब होते. त्यासाठी शेवटची प्रत ‘फ्लॅटन’ करून ठेव, म्हणजे अक्षरं पानाचाच भाग होतात.

नाव मराठीत भरायच्या फॉर्मवर फार वेळ घालव. फील्डच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नसेल तर चौकोन उमटतात. फाँट असूनही अक्षरं जोडण्याची व्यवस्था साधनात नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. चाचणीला ‘पाटील’ आणि ‘पवार’ घेऊ नकोस, ती कुठेही नीट उमटतात. ‘कुऱ्हाडे’, ‘विठ्ठल’, ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲड्र्यू’ अशी नावं घे. यातलं एकही बिघडलं तर ते साधन मराठी फॉर्मसाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाचं आडनाव मोडून त्याच्या हातात द्यायचा आपल्याला अधिकार नाही. इंग्रजी नाव आधारवर जसं आहे तसंच घे, एका अक्षराच्या फरकाने पीएफचा दावा परत येतो.

आणखी बारीकसारीक. लिस्टमधून नोंदी आणताना मर्यादा वाढवली नाहीस, तर फ्लो पहिल्या शंभरच आणतो आणि उरलेल्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. फाइलला नाव माणसाचं देऊ नकोस, कर्मचारी क्रमांक दे. एका पाळीत एकाच नावाचे दोघे सहज निघतात. फॉर्म तयार झाल्याची नोंद लिस्टमध्ये परत लिही, म्हणजे फ्लो दुसऱ्यांदा चालला तरी दुबार कागद निघणार नाहीत. आणि फ्लो तुझ्या एकटीच्या खात्यावर ठेवू नकोस, उद्या तुझं खातं बंद झालं तर तोही बंद पडेल.

यंत्रामुळे वाचलेला वेळ कामगारासमोर बसण्यात घालव. तयार फॉर्म त्याच्यापुढे ठेव, वाचता येत नसेल तर वाचून दाखव. नाव, जन्मतारीख, वारस, आधीची नोकरी, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचार. ‘सही करा इथे’ म्हणून कागद पुढे सरकवायची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती तुझ्या टेबलावर तरी नसावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या ओळखीची कितीतरी साधी माणसं पीएफच्या पैशांसाठी मुलीचं लग्न पुढे ढकलून बसलेली आहेत, आणि कारण काय, तर रुजू होताना कुणीतरी वडिलांच्या नावात एक अक्षर कमी लिहिलेलं.

या आठवड्यात मला फॉर्मची कोरी प्रत आणि लिस्टमधल्या कॉलमांची नावं पाठव. माणसांची माहिती पाठवू नकोस, नमुन्याच्या नोंदी मी खोट्या तयार करीन. रविवारी फोनवर बसून फील्ड आणि कॉलम यांची जुळणी करू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा