कंबरेतली नस आणि पायाचा अंगठा

कंबरेतली नस दाबली गेली की दुखणं कंबरेत थांबत नाही. ते नितंबातून मांडीच्या मागून उतरतं, पोटरीत ठणकतं, पावलाला मुंग्या आणतं. दुखतं तिथे तेल चोळलं जातं. मूळ मात्र वर, मणक्यांपाशी असतं.

पाठीच्या कण्यातून नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली उरतो तो नसांचा जुडगा, घोड्याच्या शेपटासारखा लोंबणारा. त्यातल्या खालच्या काही नसा एकत्र येऊन सायटिक नस बनते, शरीरातली सर्वांत जाड. कंबरेत सरकणाऱ्या, मणक्यांमधल्या गाद्याही बहुतेक वेळा शेवटच्या दोनच असतात, आणि म्हणून तक्रार पायात उतरते.

प्रस्तुत लेखकाने हे सोसलं आहे. एमआरआयच्या अहवालात तीन गाद्या फुगलेल्या निघाल्या आणि घरात ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. टाचांवर चालायला लावलं, मग पायाचा अंगठा वर धरायला सांगून तो बोटाने खाली दाबला. उजवा अंगठा टिकला नाही. तो वर उचलण्याचं काम मुख्यतः कंबरेच्या पाचव्या नसेचं, आणि तिला बहुधा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी दाबते. तीनपैकी दोष एकीचाच ठरला. पाचव्या नसेच्या खालची नस दुखावली असती, तर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड गेलं असतं आणि पावलाची करंगळीकडची कड बधिर झाली असती.

सरकलेली गादी नस दाबते आणि पाय दुखतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलं. त्याच नियतकालिकात 1994 मध्ये कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. सगळ्या गाद्या निर्दोष होत्या त्या जेमतेम 36 टक्के लोकांच्या! ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही गाद्या फुगलेल्या असतात. म्हणून अहवाल आणि पाय यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

लेखकाला शस्त्रक्रिया लागली नाही. औषधं, झेपेल तितकं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनी कळ ओसरली. अंगठ्याची ताकद सावकाश परतली. बहुतेकांचं असंच होतं, काही आठवड्यांत. दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही, उलट स्नायू दुबळे होतात.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावतात. नुसती उसण बहुधा स्नायूची असते आणि आपोआपही जाते. पण पायातली ताकद कमी होत असेल, तर अशा उपायांत एक दिवसही घालवू नये आणि पाठीवर कोणाला भार देऊ देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसताना टेकणारा जांघेमधला भाग बधिर झाला किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर तो नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. मणक्याची शस्त्रक्रिया होते असं मोठं रुग्णालय त्याच रात्री गाठा.