पदकानंतरची वाट

खेळाडूला पदक मिळाले, त्या दिवसाचा वृत्तान्त सर्वांना ठाऊक असतो. वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र झळकते, जागोजागी सत्कार होतात, लहान मुले त्याची स्वाक्षरी घेण्यासाठी धावतात. पण सत्काराचे हार सुकून गेल्यावर त्या खेळाडूचे दिवस कसे जातात, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. अमेरिकेच्या व्होनेटा फ्लॉवर्स या स्त्रीच्या जीवनात एक मोठी कसोटी सुवर्णपदक मिळाल्यावर सुरू झाली. म्हणून तिची हकीकत पदकापाशी थांबवून चालत नाही.

व्होनेटाचा जन्म २९ ऑक्टोबर १९७३ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम या शहरी झाला. हे शहर लोखंड व पोलाद यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. पण त्याची दुसरी प्रसिद्धी दुःखाची होती. तेथे गोरे आणि काळे यांच्यासाठी शाळा, उपाहारगृहे, पाणी पिण्याचे नळ, सारेच वेगळे असे. या अन्यायाविरुद्ध १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोठा सत्याग्रह झाला. किंग यांनी गांधीजींच्या विचारांचा अभ्यास केला होता. १९५९ मध्ये भारतात आले असताना मुंबईच्या मणिभवनात त्यांनी मुक्कामही केला होता. बर्मिंगहॅमच्या त्या सत्याग्रहात शाळेतील मुलेसुद्धा रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे आणि कुत्रे सोडले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी त्याच शहरात एका काळ्या कुटुंबात व्होनेटा जन्मली. तिच्या पुढील यशाचे मोल समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे.

लहानपणापासून तिच्या पायांत विलक्षण वेग होता. ती नऊ वर्षांची असताना एक क्रीडाशिक्षक आपल्या संघासाठी धावपटू शोधीत तिच्या शाळेत आले. मुलांनी शर्यतीला लावलेला वेळ एका यादीत लिहिलेला होता. सर्वांत कमी वेळापुढे 'व्ही. जेफरी' असे नाव होते. हा कोणी मुलगाच असणार, असे त्या शिक्षकांना वाटले. चौकशी केली, तेव्हा समोर आली ती एक मुलगी, व्होनेटा जेफरी! त्या दिवसापासून तिचे रीतसर शिक्षण सुरू झाले. आपल्या देशाची थोर खेळाडू जॅकी जॉयनर-कर्सी हिच्यासारखे ऑलिंपिकमध्ये धावावे आणि लांब उडी मारावी, हा तिने ध्यास घेतला.

विद्यापीठात तिने अनेक बक्षिसे मिळविली. पण ऑलिंपिकचे दार काही तिच्यासाठी उघडेना. १९९६ च्या निवडचाचणीत ती मागे पडली. पायांवर शस्त्रक्रिया झाल्या, तरी तिने सराव सोडला नाही. २००० साली सॅक्रामेंटो शहरी पुन्हा चाचणी झाली आणि तेथेही अपयशच पदरी आले. आता घरी परतावे, संसार करावा, असा विचार तिच्या मनात घोळत होता. तेवढ्यात तिच्या पतीच्या नजरेस एक छापील पत्रक पडले. बॉबस्लेड या खेळासाठी चपळ धावपटू पाहिजेत, असे त्यात लिहिले होते. दोघेही गंमत म्हणून चाचणीला गेले. पतीच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि त्याला थांबावे लागले; व्होनेटा मात्र धावणे, उड्या मारणे, गोळा फेकणे या साऱ्या परीक्षांत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. जिच्या गावी बर्फ क्वचितच पडतो, अशा मुलीने बर्फावरचा खेळ पत्करला!

हा खेळ मोठा विलक्षण आहे. बॉबस्लेड म्हणजे बर्फावरून घसरणारी, पोलादी पट्ट्यांवर बसविलेली गाडी. तिला इंजिन नसते. स्त्रियांच्या दोघींच्या गाडीचे वजन दीडशे किलोंहून अधिक असते. आरंभी दोघी खेळाडू गाडी जिवाच्या आकांताने ढकलीत धावतात. सुमारे पन्नास मीटरांच्या या धावेत जो वेग मिळतो, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. मग पुढची खेळाडू आत उडी घेते आणि दोऱ्यांच्या साहाय्याने गाडीला दिशा देते. तिला चालक म्हणावे. मागची खेळाडू सर्वांत शेवटी आत बसते, मान खाली घालून अंग आवळून घेते आणि अंतिम रेषा ओलांडल्यावर ब्रेक लावते. वाट बर्फाची, वळणावळणांची आणि उताराची. गाडीचा वेग ताशी १२० किलोमीटरांच्याही वर जातो. मागे बसणारीला या साऱ्या प्रवासात पुढचे काहीच दिसत नाही. आपल्या चालकावर भरवसा ठेवून तिला निमूटपणे बसून राहावे लागते. व्होनेटाकडे हेच मागचे स्थान आले.

या स्थानाची शाश्वती मात्र मुळीच नसते. अधिक वेगाने ढकलणारी कोणी मिळाली, की चालक आपली जोडीदार बदलते. पहिल्या हंगामात व्होनेटा बॉनी वॉर्नर या चालकाबरोबर खेळली. पुढच्या वर्षी वॉर्नरने दुसरी जोडीदार निवडली. नंतर जिल बॅकन हिने शॉना रोहबॉक या आपल्या जुन्या जोडीदाराच्या जागी व्होनेटाला घेतले. एकीचे स्थान गेले, तेव्हा दुसरीला मिळाले. ऑलिंपिक अगदी तोंडावर आले असता अमेरिकेच्या पहिल्या गाडीतील खेळाडूला दुखापत झाली. त्या गाडीची चालक जीन रासीन हिने व्होनेटाला आपल्याकडे येण्याविषयी विचारले. रासीनची गाडीच पदक मिळवील, असे सर्वजण मानीत होते. तरीही व्होनेटाने नकार दिला. जिने आपल्याला जागा दिली, तिला ऐन वेळी सोडून जाणे तिला योग्य वाटले नाही.

१९ फेब्रुवारी २००२ हा शर्यतीचा दिवस. सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची बॉबस्लेड शर्यत प्रथमच होत होती. पार्क सिटी येथील पंधरा वळणांच्या मार्गावर प्रत्येक जोडीला दोन फेऱ्या करावयाच्या होत्या. बॅकन व व्होनेटा यांच्याकडून कोणाची मोठी अपेक्षा नव्हती. पण दोन्ही फेऱ्या मिळून त्यांनी १ मिनिट ३७.७६ सेकंद एवढाच वेळ घेतला. जर्मनीची जोडी अवघ्या तीन दशांश सेकंदाने मागे राहिली. सुवर्णपदक स्वीकारताना व्होनेटाच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारी ती जगातील पहिली काळी खेळाडू ठरली. जेथे एके काळी मुलांवर कुत्रे सोडले होते, त्याच शहराच्या कन्येने हा मान मिळविला.

येथे ही गोष्ट संपली असती, तर ती सुखान्त झाली असती. पण जीवन पदकापाशी थांबत नाही.

त्याच वर्षी, ३० ऑगस्ट २००२ रोजी, व्होनेटाला जुळे मुलगे झाले. ते सुमारे तीन महिने आधीच जन्मले होते. अशा अपुऱ्या दिवसांच्या बालकांची प्रकृती फार नाजूक असते. त्यांना इस्पितळात डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. दोन्ही मुलगे त्या संकटातून वाचले. पुढे कळून आले, की त्यांपैकी एकाला ऐकू येत नाही. कानावर पडलेला आवाज मेंदूपर्यंत पोचविणाऱ्या मज्जातंतूंचाच त्याच्या ठायी अभाव होता. कानात बसविण्याचे नेहमीचे यंत्र अशा बालकाच्या उपयोगाचे नसते. टपाल आणणारा रस्ताच नसेल, तर पत्र टाकून काय लाभ?

आईबापांनी उपायाचा शोध चालविला. मज्जातंतूचा मार्ग टाळून आवाजाचे संदेश थेट मेंदूच्या देठापाशी पोचविणारे एक उपकरण असते, असे त्यांना समजले. कानामागे लावलेला ग्राहक आवाज टिपतो, त्याचे विजेच्या सूक्ष्म लहरींत रूपान्तर होते आणि त्या लहरी मेंदूपाशी बसविलेल्या बारीक पट्टीकडे जातात. परंतु त्या काळी अमेरिकेत या उपकरणाची परवानगी बारा वर्षांवरील, आणि तेही एका विशिष्ट रोगाच्या रुग्णांपुरतीच होती. इटली देशातील व्हेरोना येथे डॉ. व्हिट्टोरिओ कोलेट्टी लहान मुलांवर ही शस्त्रक्रिया करीत. तीन वर्षांच्या बालकाच्या मेंदूजवळ शस्त्र चालवू द्यावे की नाही, हा निर्णय कोणत्याही मातापित्यांना सोपा नाही. शर्यतीत पुढचे दिसत नसले, तरी जिल बॅकनला मार्ग ठाऊक होता. येथे तोही भरवसा नव्हता. अखेर डिसेंबर २००५ मध्ये इटलीत ती शस्त्रक्रिया झाली.

नवल असे, की याच काळात व्होनेटा खेळतही होती. मुलांच्या जन्मानंतर तिने पुन्हा सराव करून शरीर पूर्ववत केले. आता तिची चालक होती जीन रासीन, जिला तिने पूर्वी नकार दिला होता, तीच! जुना प्रसंग मनात न ठेवता दोघींनी जोडी जमविली आणि २००४ मध्ये जर्मनीतील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. परदेशी स्पर्धांच्या प्रवासात व्होनेटाचे पती व मुलेही तिच्याबरोबर असत. बॉबस्लेड हा काही भरपूर पैसा देणारा खेळ नव्हे. सकाळी बर्फावर गाडी ढकलावी, गाडीच्या पोलादी पट्ट्या घासून गुळगुळीत कराव्यात आणि मग मुलांकडे धाव घ्यावी, असा तिचा क्रम असे.

शस्त्रक्रियेनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, इटलीतच तुरीन येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. व्होनेटा व जीन यांचा सहावा क्रमांक आला. रौप्यपदक मिळाले ते अमेरिकेच्याच शॉना रोहबॉक आणि व्हॅलरी फ्लेमिंग यांना. चार वर्षांपूर्वी जिचे स्थान व्होनेटाकडे आले होते, ती शॉना आता चालक होऊन विजयी झाली होती. स्पर्धेनंतर व्होनेटाने खेळातून निवृत्ती घेतली.

उपकरण बसविले म्हणजे मूल लगेच बोलू लागते, असे नाही. आवाज म्हणजे काय, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला प्रत्येक ध्वनीची ओळख नव्याने करून द्यावी लागते. दाराचा आवाज कोणता, आईची हाक कोणती, हे शिकविण्यास वर्षानुवर्षे चिकाटी लागते. या कामात टाळ्या वाजत नाहीत आणि घड्याळ लावून कोणी वेळ मोजीत नाही.

व्होनेटाने खुली केलेली वाट पुढे अनेकींनी धरली. तिच्याच देशाची एलाना मेयर्स टेलर हिने २०१० ते २०२२ या काळातील चार हिवाळी ऑलिंपिकांत पाच पदके मिळविली. काळ्या मुलीने बर्फावरचा खेळ खेळावा, याचे आता कोणाला आश्चर्य वाटत नाही.

ऑलिंपिकच्या नोंदींत २००२ सालापुढे व्होनेटा फ्लॉवर्स हिच्या नावासमोर सुवर्णपदक लिहिलेले आहे आणि २००६ सालापुढे सहावा क्रमांक. २००६ च्या त्या हिवाळ्यात तिच्या मुलाच्या कानी पहिले आवाज पडू लागले होते. त्याची नोंद तेथे कोठेही नाही.

शब्दार्थ

ध्यास – सतत लागलेली ओढ
शाश्वती – खात्री, भरवसा
निमूटपणे – काही न बोलता
डोळ्यांत तेल घालून जपणे – अतिशय काळजीपूर्वक सांभाळणे
मज्जातंतू – शरीर व मेंदू यांमध्ये संदेश पोचविणारा तंतू
रूपान्तर – एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे
चिकाटी – कंटाळा न करता काम चालू ठेवण्याचा गुण

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) यादीतील 'व्ही. जेफरी' हे नाव वाचून क्रीडाशिक्षकांना काय वाटले?
(आ) बॉबस्लेडमध्ये मागे बसणाऱ्या खेळाडूला कोणती कामे करावी लागतात?
(इ) नेहमीचे श्रवणयंत्र व्होनेटाच्या मुलाला का उपयोगी पडले नसते?

२. कारणे द्या.
(अ) व्होनेटाने जीन रासीनला नकार दिला.
(आ) मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी इटलीला जावे लागले.

३. 'टपाल आणणारा रस्ताच नसेल, तर पत्र टाकून काय लाभ?' हे वाक्य पाठात कोणत्या संदर्भात आले आहे, ते स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : पदरी येणे, मनात घोळणे, डोळ्यांत तेल घालून जपणे.

५. २००२ चे सुवर्णपदक आणि २००६ चा सहावा क्रमांक यांपैकी व्होनेटाची अधिक कसोटी कोणत्या वेळी लागली, असे तुम्हांला वाटते? आपले मत कारणांसह आठ-दहा ओळींत लिहा.