सड्यावरची वाट आणि मोबाइलमधला नकाशा

रत्नागिरी जिल्ह्यातील सडे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. मैलोगणती पसरलेला जांभ्याचा काळपट कातळ, मधूनच करवंदीची जाळी, पावसाळ्यात गवत आणि उरलेले आठ महिने नुसते ऊन. याच सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे येथील चित्रे ही त्यांपैकी काही प्रसिद्ध ठिकाणे होत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यांचा समावेश झाला आणि शाळांच्या सहली तिकडे वळू लागल्या. काही शिल्पांपर्यंत आता पाट्या व कुंपणे झाली आहेत. पण सड्याच्या आतल्या भागात रस्ता नाही, विचारायला माणूस नाही आणि पुष्कळदा मोबाइलला जाळेही नाही. अशा ठिकाणी कोणते ॲप न्यावे, निराळे यंत्र घ्यावे काय, असे प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. उत्तर देण्यापूर्वी यंत्र काय जाणते आणि काय जाणत नाही, हे पाहिले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मोबाइलला जाळे नसले तरी त्याला आपले स्थान कळू शकते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात आणि मोबाइल ते नुसते ऐकतो. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर संकेत यायला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. तीन अंतरांवरून जागा ठरायला हवी. परंतु मोबाइलमधले घड्याळ साधे असते. ते सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाने चुकले तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते! म्हणून घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात पद मानायचे आणि ते सोडवण्यासाठी चौथा उपग्रह घ्यायचा. चार अज्ञाते, चार समीकरणे. (उपग्रहांवरील घड्याळे सापेक्षतेच्या नियमाने पृथ्वीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती मुद्दाम दुरुस्त करावी लागतात, हा विषय मोठा गमतीचा आहे, पण त्याला स्वतंत्र लेखच हवा.)

उपग्रह नेमका कोठे आहे, हेही मोबाइलला ठाऊक असावे लागते. ही माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण सेकंदाला अवघे ५० बिट या संथ गतीने. जाळे असेल तेथे मोबाइल ती इंटरनेटवरून क्षणात घेतो. सड्यावर ती आकाशातूनच घ्यावी लागते. म्हणून गावातून निघण्यापूर्वीच एकदा स्थान घेऊन पाहा.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची चूक साधारण ५ मीटरांच्या आसपास असते. दाट झाडीत किंवा सह्याद्रीच्या अरुंद घळीत ती वाढते. कारण काही उपग्रह झाकले जातात, काहींचे संकेत कड्यावर आपटून लांबच्या वाटेने येतात. सड्यावर मात्र आकाश क्षितिजापर्यंत मोकळे असते. म्हणजे येथे स्थान उत्तम कळते. अडचण पुढेच आहे. जेथे स्थान सर्वांत अचूक कळते, तेथेच नकाशा सर्वांत कोरा असतो आणि दिशा सर्वांत बेभरवशाची!

नकाशाचे आधी पाहू. पडद्यावर तुमचा निळा ठिपका पांढऱ्या जागेत उभा दिसतो. ही पांढरी जागा म्हणजे सपाट, सुरक्षित जमीन नव्हे. तेथे कोणी काही काढलेले नाही एवढाच तिचा अर्थ. सडा वरून टेबलासारखा दिसला तरी त्याच्या कडा एकाएकी तुटतात, पऱ्यांनी त्यात खोल चिरा पाडलेल्या असतात. "शिल्प ८०० मीटर" असे सांगणारा बाण सरळ रेषेत जातो. तो घळीची पर्वा करीत नाही. संध्याकाळी घाईने त्या बाणामागे जाणाऱ्या मुलाला कडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा विचारा, की यात समोच्चरेषा दिसतात का, आणि इंटरनेटविना दिसतात का? गूगलचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण इंटरनेट नसताना तो मोटारीचा मार्ग सांगतो, पायी जाण्याचा नाही. शहरात तो उत्तम. सड्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. ओएसएमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर आधारलेली आहेत. ती अख्खा नकाशा मोबाइलमध्ये साठवतात आणि समोच्चरेषाही दाखवू शकतात. पायवाटा मात्र कोणी चालून नोंदल्या असतील तेवढ्याच मिळतील. या समोच्चरेषा बहुतांशी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानातून केलेल्या रडार-मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीतील दोन बिंदूंमध्ये सुमारे ३० मीटर अंतर आहे. आता तुम्हीच सांगा, १५ मीटर रुंदीची घळ त्यात दिसेल काय?

यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलनिर्देशक पत्रके अजूनही मोलाची आहेत. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. एक पत्रक १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश एवढे असते. १७ अंशांचे अक्षवृत्त रत्नागिरी शहराला लागूनच जात असल्यामुळे आपल्याला बहुधा दोन पत्रके घ्यावी लागतात! जुनी छापील पत्रके हाती आली तर एक सावधगिरी बाळगा. ती एव्हरेस्टच्या लंबगोलावर आधारलेली आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा लंबगोल वापरते. पृथ्वीचा आकार निराळा मानल्यामुळे त्याच अंकांची जागा कित्येक दशक मीटर सरकते. नवी खुली पत्रके डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत.

अंक वाचण्यातली चूक याहून मोठी असते. कोणी तुम्हाला १७.०५ अंश अक्षांश सांगितला आणि तुम्ही तो १७ अंश ५ मिनिटे असा वाचला, तर काय होईल? ०.०५ अंश म्हणजे ३ मिनिटे. तुम्ही २ मिनिटे उत्तरेला गेलात. एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, तेव्हा ३.७ किलोमीटरांची चूक झाली, आणि तीही ५ मीटर अचूकतेच्या यंत्राने!

आता दिशेकडे वळू. मोबाइलला स्थान उपग्रहांवरून कळते, पण तुम्ही स्थिर उभे असताना तोंड कोणीकडे आहे हे त्याला आतल्या चुंबकमापकावरून कळते. ही दोन अगदी वेगळी भौतिकी आहेत. जांभ्यात लोहाची ऑक्साइडे असतात. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथे तर कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे एक अंशाहूनही कमी फरक असतो. पण पायाखालचा खडकच चुंबकासारखा वागू लागला तर त्या ज्ञानाचा काय उपयोग? उपाय सोपा आहे. बाणाकडे न पाहता पन्नास पावले सरळ चाला आणि पडद्यावर उमटलेला माग पाहा. मागाची दिशा उपग्रहांवरून आलेली असते, तिला खडक फसवू शकत नाही.

मग निराळे यंत्र घ्यावे का? गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतील अनेक यंत्रे पेन्सिल सेलवर चालतात, त्यांना बटणे असतात आणि पडदा उन्हात वाचता येतो. मोबाइलचा पडदा बोटाची विद्युतधारिता ओळखतो. पावसाचे थेंबही त्याला बोटासारखेच भासतात. जे वारंवार पावसाळ्यात हिंडतात त्यांना हे यंत्र उपयोगी पडेल. एका दिवसाच्या सहलीला मोबाइल पुरे आहे. तो विमान-स्थितीत ठेवा, म्हणजे मनोरे शोधण्यात वीज जाणार नाही. स्थान तरीही कळेल. जोडीला एक भारकोश आणि छापलेला नकाशा घ्या. यंत्राच्या खोक्यावर 'नाविक' लिहिले आहे म्हणून ते अधिक अचूक असे मात्र समजू नका. इस्रोच्या या योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला, पण पुढे काही उपग्रहांतील अणुघड्याळे बंद पडली. यंत्र अनेक देशांचे उपग्रह ऐकू शकते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. जे यंत्र उपग्रहांचे नुसते ऐकते ते चालते. जे उपग्रहाकडे संदेश पाठवते ते परवानगीविना बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रामुळे परदेशी प्रवासी अडचणीत आले होते.

सहलीपूर्वी शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करा. एका खुणेवर मोबाइल ठेवून दर पाच मिनिटांनी अक्षांश व रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. असे दहा वेळा करा. अक्षांशात पाचवे स्थळ म्हणजे सुमारे १.१ मीटर. रेखांशाला १७ अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.९५६ ने, गुणा. आलेखाच्या कागदावर दहाही ठिपके मांडून त्यांचे मध्य काढा आणि सर्वांत लांबचा ठिपका मध्यापासून किती मीटरांवर आहे ते मोजा. मग तोच मोबाइल जांभ्याच्या गडग्यावर ठेवून होकायंत्राचा कोन वाचा, दोन पावले दूर जाऊन पुन्हा वाचा, आणि फरक येतो का ते वहीत नोंदवा.