अवयवांचे आकारमान आणि आनुवंशिकता : प्रयोगशाळेतील उंदरांचा धडा

एखादा वळू अंगाने थोराड दिसला की त्याची वासरेही तशीच निपजतील, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु हा मोठेपणा रक्तातून आला की दाणावैरणीतून, हे नुसत्या नजरेने कळत नाही. हा भेद कसा करावा, हे प्रयोगशाळेतील उंदरांवरून स्पष्ट होते.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ साली डीबीए हे उंदरांचे शुद्ध कूळ तयार करण्यास प्रारंभ केला. सख्ख्या भावंडांचा संयोग लागोपाठ निदान २० पिढ्या घडविला असता कुळातील सर्व उंदीर आनुवंशिक गुणांत जवळजवळ एकसारखे होतात.

अशी दोन कुळे एकाच खाद्यावर व सारख्याच पिंजऱ्यांत वाढवावीत आणि समान वयाच्या उंदरांचे अवयव तोलावेत. नराचे मूत्रपिंड मादीपेक्षा जड असते, म्हणून नराची तुलना नराशीच करावी. एवढे करूनही दोन कुळांच्या सरासरीत जो फरक उरतो, तो आनुवंशिक होय. सी-५७ ब्लॅक-६ या कुळाचा मेंदू डीबीए-२ कुळाच्या मेंदूपेक्षा सरासरीने जड भरतो. उलट, एकाच कुळातील उंदरांत दिसणारा फरक मुख्यतः खाद्य, आजार, एका वेतातील पिलांची संख्या इत्यादी कारणांनी पडतो.

अवयवांच्या आकारातील फरक बहुधा अनेक जनुकांच्या लहान लहान परिणामांची बेरीज असते. क्वचित एकच जनुक मोठा फरक घडविते. १९९७ साली मायोस्टॅटिन हे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीने वाढलेले आढळले. त्याच वर्षी बेल्जियन ब्लू या मांसल गोवंशातही हेच जनुक सदोष असल्याचे दिसून आले. या गाईंचे वासरू पुष्कळदा अडते व पोट चिरून काढावे लागते. तात्पर्य, मोठेपणा नेहमीच हिताचा नसतो.

पशुपालकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) पैदाशीसाठी निवड करताना समान वयाच्या, समान लिंगाच्या व सारखा चारा खाल्लेल्या जनावरांचीच तुलना करावी.

(२) दुधासाठी वळू निवडताना त्याच्या रूपापेक्षा त्याच्या आईच्या व मुलींच्या दुधाच्या नोंदी पाहाव्यात.

(३) कळपात जवळच्या नात्यातील संयोग टाळावा. शुद्ध कुळे तयार करताना उंदरांची प्रजननशक्ती घटून अनेक कुळे नष्ट झाली. प्रयोगशाळेला हा तोटा सोसतो, शेतकऱ्याला सोसत नाही.

सरकीच्या पेंडीने आलेली पुष्टी वासरात उतरत नाही. उतरतो तो रक्तातील गुण.