खडीचा रस्ता आणि गुडघा

ढाणकीच्या शिवारात मुरूम-खडीच्या सपाट रस्त्याने मी रोज सायकल फिरवू लागलो आणि पंधरवड्यातच गुडघ्याची वाटी दुखू लागली. दोष रस्त्याचा नव्हता, खाली बसवलेल्या सीटचा होता. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. सीट वर केली, दुखणे हळूहळू थांबले.

खडीवर चाकात हवा थोडी कमी ठेवावी, हादरे कमी बसतात. मूठ घट्ट आवळू नये. तळहातातील नस दबून करंगळी बधिर होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दुखल्यास तिथेच थांबावे व ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.