बसच्या तिकिटाचं ॲप, नाट्यसमीक्षकाच्या नजरेनं

या, टेबलाशी बसा. फोन, कोरे कागद, एक निळं आणि एक लाल पेन, एवढंच लागेल. ॲपची समीक्षा नाटकासारखी करायची आहे, स्टार द्यायची घाई नको.

१. एकच काम ठरवा: शनिवारी सकाळी पुणे ते कोल्हापूर, खिडकीची एक सीट. अख्खं ॲप अंगावर घेतलंत तर पहिल्याच पानावर दमाल.

२. फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करा.

३. पैसे भरायच्या पानापर्यंत न थांबता जा. मध्येच टिपणं काढू नका. पहिल्या प्रयोगाला तुम्ही फक्त प्रेक्षक.

४. रेकॉर्डिंग बंद करा. विसरलात तर तुमचा पिनही रेकॉर्डिंगमध्ये येईल!

५. आता रेकॉर्डिंग थांबवत थांबवत पडद्यावरचा शब्द न् शब्द निळ्या पेनानं उतरवा. ‘ओके’सुद्धा. हीच आपली संहिता. इथे हमखास कंटाळा येतो आणि सारांश लिहावासा वाटतो. लिहू नका.

६. प्रत्येक ओळीपुढे नोंदवा: हे कोण बोलतंय? खरी मजा इथेच आहे. ‘सीट निवडा’ हे ॲप बोलतं. पण विमा नाकारायच्या बटणावर ‘नको, मी असुरक्षितच प्रवास करेन’ असं असेल, तर ते वाक्य कंपनीनं लिहून तुमच्या तोंडी घातलंय. मारा लाल रेघ. (केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगितले, नकार देणाऱ्याला लाजवणं त्यात आहे.) मग ‘सुविधा शुल्क जोडण्यात आले आहे’ वाचा. कोणी जोडलं? पैशाची गोष्ट निघाली की कर्ता बहुधा विंगेत पळतो. तिथेही लाल रेघ.

७. सवलत संपायचं घड्याळ दिसलं असेल, तर ॲप बंद करून पुन्हा उघडा. ते पहिल्यापासून धावू लागलं तर ताण खोटा. सीट राखून ठेवणाऱ्या घड्याळाला मात्र ही चाचणी लावू नका. सीट नव्यानं निवडली की तेही नव्यानंच सुरू होतं.

८. फॉर्मच्या रकान्यांवरून ॲपच्या मनातला प्रवासी दोन ओळींत रंगवा. ई-मेल सक्तीचा असेल, तर ई-मेल नसलेल्या आजीला या नाटकात भूमिकाच नाही. नसलेले रकाने कल्पू नका.

९. तुमचं मत एका वाक्यात लिहा: ‘हे ॲप सीट निवडताना मला प्रवासी मानतं, बिलाच्या पानावर सावज.’ ‘बोअर आहे’ ही नुसती कुरकुर.

१०. त्याखाली संहितेतल्या तीन ओळी पुरावा म्हणून जोडा. सापडत नसतील तर वाक्य खोडा, ओळी ताणू नका.

११. तुमचं मत पडताळायला तेच काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, कागद न दाखवता. शेजारी बसून ‘हे बघ, हे बघ’ करायचं नाही.